आईची न्हाणी

पारनेर तालुक्यातल्या आमच्या घराची न्हाणी म्हणजे मागच्या भिंतीला टेकवलेला नुसता आडोसा. दोन बाजूंना छातीइतकी दगडमातीची भिंत, पुढं युरियाच्या गोणीचा पडदा, खाली झिजलेली शहाबादी फरशी आणि वर आभाळ. लांबी पाच फूट, रुंदी चार. सांडपाणी चरातून आळूच्या वाफ्यात जायचं. आम्ही भावंडं तिथंच न्हाऊन मोठी झालो.

आईला मात्र तिथं न्हाताना कधी बघितलं नाही. कोंबडं आरवायच्या आत तिची आंघोळ उरकलेली असायची. आम्ही उठायचो तेव्हा ओले केस पदराखाली आणि तव्यावर भाकरी. मला वाटायचं, आईला पहाटेची हौस आहे.

ती या घरात आली 1972 साली, म्हणजे ऐन दुष्काळात. दुष्काळी कामावर दिवसभर खडी फोडायची आणि आल्यावर पाण्यासाठी विहिरीच्या तळाशी वाटीनं हंडा भरायची. ‘‘अंगाला पाणी लागायचं आठ-आठ दिसानं,’’ असं ती हसत सांगते. त्यामुळं पाणी मिळालं, एवढ्यावरच ती खूश. आडोशाचं तिनं कधी काही मागितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही.

2016 साली स्वच्छ भारत अभियानाचं 12,000 रुपयांचं अनुदान घेऊन आम्ही संडास बांधला. न्हाणी तशीच राहिली. तिच्या मागं कुणी लागलं नव्हतं ना! गायींच्या गोठ्याला तर त्याच्याही आधी पत्रे पडले होते.

2021 च्या दिवाळीत, वसुबारसेच्या पहाटे, शेवाळलेल्या फरशीवरून आईचा पाय सटकला. उजवं मनगट मोडलं. प्लास्टर करून आणल्यावर मी चिडून म्हणालो, ‘‘एवढ्या अंधारात कशाला जातेस? जरा उजाडू द्यायचं.’’

ती शांतपणे म्हणाली, ‘‘उजेडात न्हायाला दार लागतंय, बाबा.’’

मला बोलता येईना. पन्नास वर्षांच्या पहाटा एका वाक्यात निघाल्या.

नगरला दुकानात चौकशी केली. टाइल्स, गिझर, शॉवर धरून 45,000 चा आकडा निघाला. कांद्याच्या पट्टीतून बी-खताची उधारी वळती करून हातात उरले होते 9,000. गावातले गवंडी मामा म्हणाले, ‘‘टाइल राहू दे. म्हातारीला काय लागतंय ते आधी बघ.’’ मग तसंच ठरवलं. आधी दार, मग छप्पर, मग न घसरणारी फरशी. चकाकीला पैसे नाहीत.

पडक्या पडवीचे दगड काढून भिंती चढवल्या. वरच्या अंगाला उजेडासाठी सिमेंटची जाळी बसवली, ती जुन्या घरातलीच. ‘‘घोटलेली फरशी घेऊ नगं, साबणाच्या पाण्यानं लोण्यावानी होतीय,’’ म्हणून मामांनी खरबरीत शहाबादी आणायला लावली आणि फुटाला पाव इंच उतार धरला. बसून उठताना धरायला भिंतीत लोखंडी कडं गाडलं.

दार 2,200, पत्रे 1,300, चार गोण्या सिमेंट 1,400, फरशी 600, पाइप 400, कडं 350, टेम्पो 300, चुना 150 आणि मामांची दोन दिवसांची मजुरी 1,600. एकूण 8,300. गिलाव्याची वाळू घरचीच होती, मामांच्या हाताखाली आम्ही दोघं भाऊ. उरलेल्या 700 मध्ये दिव्याची वायर आणि प्लास्टिकची खुर्ची.

सांडपाण्यासाठी मी शोषखड्डा खोदला. तीन फूट खोल, खाली मोठे दगड, वर बारीक. आई प्लास्टरचा हात गळ्यात अडकवून काठावर उभी. ‘‘पाणी गाडतोस व्हय? आन् आळूनं काय खायाचं?’’ हिवरेबाजार, राळेगणसिद्धीच्या जिल्ह्यात राहून आपण तिला पाणी जिरवायचं शिकवावं, हे तिला पटेना. शेवटी पाइप आधी आळूकडं काढला, वाफा भरला की उरलेलं खड्ड्यात. जुनी झिजलेली फरशीही तिनं फेकू दिली नाही. ती दारापुढं पायरी म्हणून बसवली.

प्लास्टर निघालं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजता आई लुगडं खांद्यावर टाकून न्हाणीत गेली. ऊन अंगणात आलं होतं, शेजारची माणसं ये-जा करत होती. मी ओट्यावर बसलो होतो. आतून कडी लागल्याचा आवाज आला. मग कडी निघाली. मला वाटलं, काही राहिलं असेल.

परत लागली. परत निघाली.

तिसऱ्यांदा कडी लागली, आणि मग बराच वेळ नुसता पाण्याचा आवाज येत राहिला.