अंधेरीचा सामना आणि गावचे मैदान

पीकपाण्याच्या गोष्टी आपण नेहमीच बोलतो. आज खेळाची गोष्ट सांगतो. तिच्या शेवटी गुंठ्यांचा हिशेब आहेच, तेव्हा वेळ वाया जाणार नाही.

माझ्याकडच्या गावांपैकी एका गावात शाळेला लागून वीस गुंठे जागा मोकळी आहे. तरुण पोरांना तेथे क्रिकेटचे मैदान हवे. शाळेतल्या मुलींना खो-खोसाठी जागा हवी. त्या रस्त्याकडेच्या मुरमावर खेळतात नि गुडघे सोलून घेतात. ग्रामसभेत दोन्ही बाजूंनी आवाज चढले, तेव्हा सरपंच मला म्हणाले, "साहेब, तुम्ही मातीतले जाणकार. तुम्हीच सांगा." मी म्हटले, "आठ दिवस द्या. अंधेरीला अक्काकडे जाऊन येतो, मग बोलू."

अंधेरीला तुम्ही कधी उतरलात, तर आधी पिशवी पोटाशी धरा. लोकलमधून आपण उतरत नाही, गर्दीच आपल्याला उतरवते. वर जिना चढला की मेट्रो. वर्सोव्यापासून घाटकोपरापर्यंत जाणारी ही गाडी २०१४ साली सुरू झाली. रस्त्यावर रिक्षांचा खोळंबा आणि डोक्यावरून ही सरळ निघून जाते.

पहिल्या सकाळी भाच्याने मला गिल्बर्ट हिल दाखवला. इमारतींच्या घोळक्यात काळ्या पाषाणाचा एक सुळका उभा आहे, सुमारे दोनशे फूट उंच. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा हा दगड. माथ्यावर गावदेवीचे देऊळ आहे. मी भाच्याला म्हटले, "बाळा, हा बेसाल्ट. हाच झिजून झिजून आमची काळी रानं झाली." त्याला दगड दिसत होता, मला कपाशीचे रान दिसत होते.

संध्याकाळी तो मला फुटबॉलच्या सामन्याला घेऊन गेला. आझाद नगर मेट्रो स्टेशनपासून जवळच शहाजीराजे भोसले क्रीडा संकुल आहे. लोक त्याला अंधेरी स्पोर्ट्‌स कॉम्प्लेक्स म्हणतात. याच मैदानावर १९९६ साली मायकेल जॅक्सन नाचून गेला. २०१६ पासून मुंबई सिटी हा फुटबॉल संघ येथे आपले घरचे सामने खेळू लागला.

हिरवळ पाहून मी खूश झालो. माझा धंदाच तो. पण खेळ सुरू झाला नि एक गोष्ट खटकू लागली. चेंडू बाहेर गेला की थांबा. कोणी पडला की थांबा. कोपऱ्यातून चेंडू मारायचा तर आधी ढकलाढकल. मी भाच्याला म्हटले, "मोबाइलमध्ये घड्याळ आहे ना? चेंडू खेळात असेल तेवढाच वेळ मोज." पहिला अर्धा भाग पाऊण तासाचा. त्यात खरा खेळ भरला सत्तावीस मिनिटे! मोठ्या स्पर्धांतही नव्वद मिनिटांत चेंडू साधारण पंचावन्न ते साठ मिनिटेच खेळात असतो. म्हणजे आमचा हिशेब फारसा चुकला नव्हता.

पाटाने पाणी दिले की मोटर चालते तासन्‌तास, पण मुळाशी पोचते निम्मेच. बाकीचे दांडात मुरते. ठिबकाने सोडलेले बहुतेक पाणी मुळाशी जाते. मनात आले, खेळांचेही तसेच असेल काय?

दुसऱ्या दिवशी घरी दूरदर्शन संचापुढे बसून क्रिकेट मोजले. गोलंदाज धावू लागल्यापासून चेंडू थांबेपर्यंत सढळ हाताने दहा सेकंद धरा. कसोटीत दिवसाला नव्वद षटके, म्हणजे ५४० चेंडू. खरा खेळ झाला नव्वद मिनिटे, तोही सहा तासांत. वीस षटकांच्या सामन्यात दोन्ही डाव मिळून २४० चेंडू, म्हणजे चाळीस मिनिटे. आणि सामना चालतो साडेतीन तासांच्या आसपास. ज्याला आपण झटपट क्रिकेट म्हणतो, त्यात खेळाचा वाटा कसोटीपेक्षाही कमी निघाला! आणि आपणच वाईट असेही नाही. अमेरिकेतल्या एका वृत्तपत्राने २०१० साली तिकडच्या फुटबॉलचे सामने मोजले, तर तीन तासांत खरा खेळ भरला अवघा अकरा मिनिटे.

तिसऱ्या रात्री गल्लीतल्या मंडळाचे कबड्डीचे सामने होते. मातीवर दिव्यांच्या उजेडात. वीस-वीस मिनिटांचे दोन डाव, आणि चढाईला तीस सेकंद. एकाची चढाई संपते न संपते तोच दुसऱ्याची सुरू. भाच्याला घड्याळ थांबवायला सवडच मिळेना. शेवटी म्हणाला, "मामा, हे ठिबक आहे!"

मी जिंकल्यासारखा हसलो. पण दाजी खेड तालुक्यातले. ते म्हणाले, "एवढे मोजता, तर घाटातल्या बैलगाड्याचे किती भरतात, सांगा बरे?"

मी गप्प झालो. दहा-पंधरा सेकंद, बस्स. तेवढ्यासाठी माणसे दिवसभर उन्हात बसतात. २०१४ साली न्यायालयाने या शर्यती बंद केल्या, तेव्हा घरोघरी हळहळ झाली. २०२३ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने कायदा उचलून धरला, तेव्हा गुलाल उधळला. त्या दहा-पंधरा सेकंदांमागे खोंड निवडणे, त्याला जपणे, वर्षा-दोन वर्षांचा खुराक असतो. पाहणाऱ्याला ते ठाऊक असते, म्हणून त्याला वाट पाहणे रिकामे वाटत नाही. कसोटीतही क्षेत्ररक्षक दोन पावले सरकला की जाणता माणूस सावरून बसतो.

म्हणजे पाहणाऱ्यापुरते घड्याळ अपुरे आहे, हे मला दाजींपुढे कबूल करावे लागले. कोणी काय पाहावे हा ज्याच्या त्याच्या आवडीचा प्रश्न. पण मंडळी, आमच्या ग्रामसभेला खेळ पाहायचा नव्हता, खेळायला जागा द्यायची होती. तेथे प्रश्न वेगळा : जागा किती जाते, आणि किती लेकरांना घाम येतो?

परतीच्या गाडीत मी तो हिशेब मांडला. क्रिकेटचे मैदान मधल्या खेळपट्टीपासून चहूबाजूंनी पासष्ट मीटर धरले, तर सव्वातीन एकर. फुटबॉलचे मोठे मैदान पावणेदोन एकर. खो-खोचे सत्तावीस बाय सोळा मीटर, म्हणजे सव्वाचार गुंठे. पुरुषांच्या कबड्डीचे तेरा बाय दहा मीटर, म्हणजे सव्वा गुंठा! आणि क्रिकेटमध्ये एक जण टाकतो, एक मारतो, बाकीचे वाट पाहतात. खो-खोत पळणारे तिघे-तिघे आत येतात, हे खरे. पण पाठलाग करणाऱ्या नऊ जणांपैकी एकालाही डुलकी घेता येत नाही. केव्हा पाठीवर थाप पडेल याचा नेम नाही.

ग्रामसभेत मी हे आकडे फळ्यावर लिहिले. वीस गुंठ्यांत क्रिकेट बसतच नाही. खो-खोची दोन मैदाने, एक कबड्डीचे आणि कडेला झाडांची ओळ आरामात बसते. एक पोरगा उठला. "साहेब, मग आम्ही कुठे जायचे?" प्रश्न रास्त होता. मी म्हटले, "सुगी झाली की मोकळी रानं तुमचीच असतात, तुम्हाला कोणी अडवत नाही. पण तुझ्या बहिणीला तिकडे खेळायला पाठवशील?" तो खाली बसला. मागे बसलेल्या बायकांपैकी कोणीतरी "बरोबर हाय" म्हणाले, आणि ठराव झाला.

जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोची पहिली विश्वचषक स्पर्धा झाली. पुरुष आणि महिला दोन्ही अजिंक्यपदे भारताने मिळवली. दोन्ही कर्णधार, प्रतीक वाईकर आणि प्रियंका इंगळे, आपल्या महाराष्ट्राचे. या मुलींतून तशी कोणी निघेलच असे मी म्हणणार नाही. बियाणे पेरणाऱ्याने उताऱ्याची हमी देऊ नये. पण आता त्या मुरमावर खेळत नाहीत. चाळलेल्या मातीवर, आखलेल्या रेघांत खेळतात.

क्रिकेटची पोरे महिनाभर माझ्याशी धड बोलली नाहीत. परवा मात्र त्यांतलेच दोघे मैदानावर पाणी मारताना दिसले. तुमच्या गावात अशी जागा असेल, तर आधी मोजपट्टी काढा. आणि ग्रामसभेत मुलींना पुढच्या रांगेत बसवा.