यादीचा महिमा

'यादी' हा शब्द फारसी 'याद'वरून मराठीत आला. याद म्हणजे आठवण. गंमत अशी, की आठवणीवर भरवसा उरला नाही म्हणजे जो कागद आपण पुढे ओढतो, त्याला नाव मात्र आठवणीचेच! वाण्याची यादी, धोब्याची यादी, लग्नाच्या याद्या. साऱ्या संसाराचा भार या चिठोऱ्यांवर. तरी यादीला प्रतिष्ठा नाही. मान आहे तो पाठांतराला. वीस वर्षे मराठीच्या वर्गावर उभा राहून मी हे पाहतो आहे. प्राध्यापकाच्या हातात टिपण दिसले, की मागच्या बाकांवर हळूच खसखस पिकते.

अशा या उपेक्षित यादीला ज्याने मानाने शस्त्रक्रियागृहात नेऊन बसवले, तो गृहस्थ आडनावाने आपला निघाला, याचे मला भारी कौतुक वाटते. डॉ. अतुल गावंडे. वडील यवतमाळ जिल्ह्यातल्या उटी गावचे. मुलाचा जन्म १९६५ सालचा, अमेरिकेतला. बॉस्टनमध्ये ते शल्यचिकित्सक झाले. पण त्यांची नजर टेबलावरच्या एका रोग्यापुरती राहिली नाही. शस्त्रक्रियेत माणसे दगावतात, ती सगळी रोगानेच का, असा प्रश्न त्यांना पडला. पुष्कळदा ज्ञान कमी पडत नाही. ठाऊक असलेलेच ऐनवेळी राहून जाते. औषधाचा डोस द्यायचा राहतो, रक्ताची सोय करायची राहते, आणि कधी गॉजची घडी पोटातच राहते.

यावर त्यांनी वैमानिकांचे औषध आणले. १९३५ साली बोइंगचे एक नवे प्रचंड विमान चाचणीच्या वेळी कोसळले. वैमानिक मुरब्बी होता; पण सुकाणूचा अडसर काढायचा राहिला होता. तेव्हापासून वैमानिक उड्डाणापूर्वी यादी वाचू लागले. जागतिक आरोग्य संघटनेसाठी गावंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ साली तशीच एक यादी सिद्ध केली. कलमे अवघी एकोणीस, थांबे तीन: भूल देण्यापूर्वी, सुरी लावण्यापूर्वी आणि रोग्याला बाहेर नेण्यापूर्वी. दिल्लीपासून टांझानियातल्या इफाकारापर्यंत आठ शहरांत ती वापरून पाहिली. शेकडा मृत्यू १.५ वरून ०.८ वर आले. मोठे उपद्रव ११ वरून ७ वर.

मागल्या वर्षी माझ्या आईचे पित्ताशयाचे ऑपरेशन झाले. आत नेल्यापासून भूल देईपर्यंत तिला तिघांनी नाव विचारले आणि ऑपरेशन कसले तेही विचारले. घरी आल्यावर ती म्हणाली, "अरे, एवढे मोठे डॉक्टर, आणि माझे साधे नाव लक्षात राहीना!" मी म्हटले, "आई, लक्षात असूनही विचारतात." त्यावर ती क्षणभर थांबून म्हणाली, "म्हणजे तुझ्या आजोबांसारखेच. कुलूप लावले तरी तीनदा ओढून पाहायचे."

पण कुलूप ओढण्याहून थोर असे एक कलम या यादीत आहे. सुरी लावण्यापूर्वी खोलीतल्या प्रत्येकाने आपले नाव व काम मोठ्याने सांगायचे. मोठ्यांच्या बोलण्यात लहानांनी तोंड घालू नये, या शिकवणीत आपण वाढलो. नवखी नर्स चूक पाहते आणि गप्प राहते. जिने एकदा आपले नाव उच्चारले, तिला पुढे "डॉक्टर, थांबा" म्हणायला थोडा कमी धीर लागतो.

हे सर्वांना रुचले असे नाही. यादी वापरून पाहिल्यावर सुमारे एकपंचमांश मंडळींना ती कटकट वाटली. मग त्यांना विचारले, उद्या तुमचेच ऑपरेशन असेल तर? शंभरातले त्र्याण्णव म्हणाले, यादी हवी! दुसऱ्यावर सुरी चालवताना पाठांतर पुरते. आपल्यावर चालायची वेळ आली, की कागद आठवतो.

यादी ही काही संजीवनी नव्हे. गावंडे यांच्या चमूने उत्तर प्रदेशातल्या १२० आरोग्यकेंद्रांत बाळंतपणाची यादी तपासली. निम्म्या केंद्रांत ती शिकवली, निम्म्यांत नाही. दीड लाखाहून अधिक बाळंतपणे पाहिली. जिथे शिकवली तिथे कामाची रीत सुधारली, पण माता-बालकांचे मृत्यू मात्र घटले नाहीत. कागद आठवण करून देतो. अडलेल्या बाळंतिणीसाठी लागणारे रक्त, कसलेला हात, वेळेवर मिळणारी गाडी तो कुठून आणणार? हा निष्कर्ष २०१७ साली त्यांनी आकड्यांसकट प्रसिद्ध केला. पाठांतराचा अभिमान बाळगणाऱ्या माझ्यासारख्या माणसाला, आठ शहरांतल्या यशापेक्षा ही नोंद अधिक मोलाची वाटते.