मट्टनचेरीत काय उरलंय?

कोचीला गेलेला माणूस मट्टनचेरीच्या ज्यू टाउनमध्ये जातोच, आणि तिथे परदेसी सिनेगॉग बघतोच. मीही बघितलं. चपला बाहेर, तिकीट हातात, नजर जमिनीकडे, कारण तिथल्या निळ्या-पांढऱ्या फरशा चीनहून आणलेल्या, हाताने रंगवलेल्या आहेत. इमारत १५६८ सालची, पण अगदी नीट राखलेली. सामूहिक प्रार्थनेला दहा प्रौढ पुरुष लागतात, तेवढे मात्र आता इथे राहत नाहीत. बहुतेक कुटुंबं १९५०च्या दशकात इस्राएलला गेली.

जवळच कडवुंभागम सिनेगॉग होतं. ते परदेसीपेक्षाही जुनं मानतात. माणसं गेल्यावर त्याचं गोदाम झालं. आतलं कोरीव लाकूडकाम जेरुसलेमच्या इस्राएल म्युझियमने नेऊन तिथे पुन्हा उभारलं. मागे राहिलेला सांगाडा २०१९च्या पावसाळ्यात कोसळला. लाकूड नेलं ते बरंच झालं, असं मला वाटतं. आपल्याकडे वारशाचा अभिमान भरपूर असतो, कौलं शाकारायला मात्र कोणी फिरकत नाही.

पण लाकूड नेता येतं, तशी गाणी नेता येतात का? कोचीच्या ज्यू बायकांची लग्नाबिग्नात म्हणायची गाणी मल्याळममध्ये होती. त्यांनी ती वह्यांमध्ये उतरवून ठेवली आणि जाताना वह्याही सोबत नेल्या. अभ्यासकांनी पुढे ती गोळा केली, ध्वनिमुद्रित केली. इस्राएलमध्ये वाढलेली नातवंडं हिब्रू बोलतात. आजीचं अक्षर त्यांना वाचता येईलच असं नाही.

मग मी तिरुमला देवस्वमच्या बाजूला गेलो. हे गौड सारस्वतांचं देऊळ. पोर्तुगीज अमलात गोवा सोडून आलेल्या कोकणी लोकांची वस्ती इथे अजून आहे. डच गव्हर्नर व्हॅन ऱ्हीडच्या 'होर्तुस मलबारिकुस' या १२ खंडी वनस्पतिग्रंथात रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट या इथल्याच तीन कोकणी वैद्यांचं प्रशस्तिपत्र नागरी अक्षरांत छापलंय. साल १६७८! आपली लिपी छापलेली इतकी जुनी पानं फार नाहीत.

रस्त्यात दोन बायका बोलत चालल्या होत्या. मल्याळम वळणाची कोकणी, तरी मला अर्धीअधिक कळली. एकीने सोबतच्या मुलीला काहीतरी विचारलं. मुलीने मोबाइलमधून डोकं वर न काढता मल्याळममध्ये उत्तर दिलं.