पिशवी विरते, पण कुठे?



दशलक्षण पर्व जवळ आलं की आमच्या महिला मंडळात तीच चर्चा असते: पारण्याला पानं किती, वाढायला कोण आणि खरकटं कुठे जाणार. यंदा एका दात्यांनी कचऱ्याच्या डब्यांसाठी हिरव्या कंपोस्टेबल पिशव्या आणि तसेच चमचे द्यायचं कबूल केलंय. भावना चांगलीच आहे. पण आमच्या मंदिराचं खरकटं खताच्या खड्ड्यात जात नाही, बायोगॅसच्या टाकीत जातं. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे. तुमच्याकडेही हाच प्रश्न येईल.

‘कंपोस्टेबल’ वाचलं की वाटतं, केळीच्या पानासारखी ही पिशवी कुठेही विरून जाईल. तसं नाही. आपल्या देशात या पिशव्यांना आयएस १७०८८ हे मानक लागू आहे आणि त्याची कसोटी मोठ्या कंपोस्ट प्रकल्पाची आहे: खेळती हवा, ओल, साधारण ५८ अंश उष्णता आणि सहा महिन्यांपर्यंतची मुदत. घरच्या कुंडीतल्या खतातसुद्धा एवढी उष्णता क्वचितच टिकते.

बायोगॅसच्या टाकीत तर हवा नसतेच. बहुतेक टाक्या ३५ ते ४० अंशांवर चालतात, थंडीत त्याहूनही कमी. भात, पोळी, भाजीला तेवढं पुरतं. काही जिवाणू अन्नाची आम्लं करतात, दुसरे त्यापासून मिथेन करतात आणि महिन्याभरात काम होतं. पिशवीत मात्र वेगवेगळे घटक असतात. त्यातला स्टार्च लवकर पचतो. मक्यापासून किंवा उसापासून केलेलं पीएलए ६० अंशांच्या आसपास मऊ पडतं आणि मग पाणी त्याच्या साखळ्या भराभर तोडतं. ५०-५५ अंशांच्या गरम टाकीत ते त्यातल्या त्यात लवकर तुटतं, कोमट टाकीत महिनोन्‌महिने तसंच राहतं. पिशवीला लवचिक करणारं पीबीएटी हवेविना जवळजवळ पचतच नाही. पीएचए नावाचा एक प्रकार टाकीतही चांगला पचतो, पण तो महाग आहे आणि आपल्या बाजारातल्या पिशव्यांत सहसा नसतो.

न पचलेली पिशवी वर तरंगते, साय धरते, ढवळणीला गुंडाळते, नळीत अडकते. म्हणून टाकी चालवणारे लोक पिशव्या आधीच बाहेर काढतात. साधी कोणती आणि कंपोस्टेबल कोणती हे निवडत बसायला त्यांना वेळ नसतो. दोन्ही शेवटी कचरा डेपोवर जातात, वर चिकटलेल्या अन्नासकट. आत राहिलेले तुकडे स्लरीतून शेतात जातात. भाभा अणुसंशोधन केंद्रात डॉ. शरद काळे यांनी विकसित केलेल्या ‘निसर्गऋण’ प्रकल्पात टाकीआधी अन्न गरम पाणी आणि हवा देऊन मऊ करतात. तरी तिथेही प्लास्टिक आणि करवंट्या वेगळ्या काढायलाच सांगतात.

कुणी म्हणेल, टाकीतले जिवाणूही जीवच ना? हो, आहेत. संसारातल्या श्रावकाला आरंभी हिंसा पूर्ण टाळता येत नाही, ती कमी करायची असते. उकिरड्यावर खरकटं पडलं की माश्या येतात, अळ्या होतात, गाय ते पिशवीसकट खाते. म्हणजे त्रस जीवांची हिंसा. बंद टाकीत ती टळते. म्हणून ती टाकी नीट चालणं महत्त्वाचं.

मुनिमहाराजांच्या पाच समितींत उत्सर्ग समिती आहे. टाकायची वस्तू निर्जंतुक जागा पाहून, जीव दुखावणार नाही अशी टाकायची. आपण श्राविका एवढं कडक पाळू शकत नाही, पण पाणी गाळल्यावर जिवाणी ज्या विहिरीचं पाणी त्याच विहिरीत सोडायची, हे आजीपासून शिकलोय. विचार तोच आहे: प्रत्येकाला त्याच्या जागी पोचवायचं. पिशवीवरचा ‘कंपोस्टेबल’ हा शब्दही एका ठराविक जागेपुरताच खरा आहे.

मी मंडळापुढे ठेवलेला पर्याय साधा आहे. दात्यांना विनंती करायची की त्याच पैशांत स्टीलचे चमचे आणि झाकणाच्या बादल्या द्या. त्या पुढच्या कितीतरी पर्वांना पुरतील. बादलीला पिशवी लावायची नाही. बादली विसळलेलं पाणीही टाकीतच ओतायचं. पत्रावळी वेगळ्या ठेवून खताला द्यायच्या, कारण पानाचा चिवट भाग हवेविना पचत नाही. आणि वाढताना अर्धी वाटीच वाढायची, हवं त्याला पुन्हा वाढता येतं. ताटात उरलंच नाही तर टाकीवरही भार नाही आणि मनावरही.

दात्यांना हे कोण आणि कसं सांगणार, यावर मात्र अजून एकमत झालेलं नाही. तुमच्या मंडळात असं कुणी गोड शब्दांत समजावलं असेल तर जरूर कळवा.