क्रियापदापर्यंत पोचताना

साहित्याच्या वर्गात नशेचा विषय निघाला की तो बहुधा एकाच वाटेने जातो. बोदलेअरचे नाव येते, पॅरिसमधल्या हशीशप्रेमी लेखकांच्या मंडळाचा उल्लेख होतो, आणि कल्पनाशक्तीची कवाडे उघडावीत म्हणून लेखकाने शुद्धीची किंमत मोजावी काय, हा जुना प्रश्न उभा राहतो. १८६० साली प्रसिद्ध झालेल्या 'कृत्रिम नंदनवने' या पुस्तकात बोदलेअरने हशीश इच्छाशक्तीला पोखरते असेच बजावले आहे, ही गोष्ट मात्र चर्चेच्या उत्साहात मागे पडते. आम्ही दोघे पदव्युत्तर वर्गाला मराठी शिकवतो, आणि हा विषय आमच्या लेखी बरीच वर्षे एवढ्याच परिघातला होता. तीच वनस्पती पुढे अगदी निराळ्या दाराने आमच्याकडे आली. तिथे कल्पनाशक्तीचा प्रश्नच नव्हता. प्रश्न होता तो एक साधे वाक्य शेवटपर्यंत वाचता येण्याचा.

आमची एम.ए.ची एक वर्गमैत्रीण लग्नानंतर टोरांटोजवळ स्थायिक झाली. तिला मल्टिपल स्क्लेरोसिस आहे, त्याला आता बारा वर्षे होतील. रात्री पायांत पेटके येतात, स्नायू लाकडासारखे ताठ होतात आणि झोप मोडते. कॅनडात औषध म्हणून गांजा २००१ पासून मिळू लागला आणि १७ ऑक्टोबर २०१८ पासून तो सर्वच प्रौढांसाठी कायदेशीर झाला. ती तो नियमित घेते, आणि ते तिच्या डॉक्टरांनाही ठाऊक आहे. एकदा फोनवर म्हणाली, "अरे, रात्री पाय शांत होतात, झोप लागते. पण कादंबरीचं पान उलटलं की मागचं पान पुसलं जातं. हे आजाराचं की गांजाचं? डॉक्टर सांगतात ते मला कळतं, पण त्यांचे ते निबंध मला एकटीला पार नेता येत नाहीत. तुम्ही वाचा आणि काय लिहिलंय ते नीट सांगा."

आम्ही वैद्यकातले नव्हेत. परंतु एखादी संहिता काय म्हणते, काय म्हणत नाही आणि कुठे थबकते, हे पाहणे हा आमचा रोजचा व्यवसाय आहे. तेवढ्याच अधिकाराने आम्ही ते निबंध वाचले.

या आजारात शरीराची संरक्षणव्यवस्थाच मज्जातंतूंवरच्या मायलिन नावाच्या आवरणावर हल्ला करते. आवरण झिजले की तंतूतून जाणारा संदेश मंदावतो किंवा अडतो. फ्रेंच वैद्य शार्को याने १८६८ साली या आजाराचे व्यवस्थित वर्णन केले, आणि रुग्णांची स्मरणशक्ती दुबळी होते, विचार सावकाश आकार घेतात, हेही त्याने नोंदवून ठेवले. तरीही पुढे दीर्घकाळ हा आजार मुख्यत्वे हातापायांचा आणि डोळ्यांचा मानला गेला. आज साधारणपणे ४० ते ६५ टक्के रुग्णांमध्ये आकलनावर काही ना काही परिणाम आढळतो असे मानतात. म्हणजे आमच्या मैत्रिणीची तक्रार गांजाविनाही उद्भवू शकली असती. सगळी अडचण इथेच आहे.

हे आकलन मोजतात कसे? एका चाचणीत दर दोन-तीन सेकंदांनी एक आकडा ऐकवतात. प्रत्येक नवा आकडा त्याच्या लगेच आधीच्या आकड्यात मिळवून बेरीज सांगायची. दुसऱ्या चाचणीत पडद्यावर एकेक अक्षर येते, आणि हेच अक्षर दोन पावले मागे येऊन गेले होते का, ते सांगायचे. हे वर्णन वाचताना आम्हांला व्याकरणाचा तास आठवला. मराठी वाक्यात क्रियापद शेवटी येते. कर्ता, कर्म, स्थळ, काळ, मध्येच शिरलेले 'जो-तो'चे गौण वाक्य, हे सारे वाचकाला हाती धरून चालावे लागते, आणि क्रियापद आले की मगच अर्थ बसतो. लांब वळणाचे मराठी वाक्य वाचणे म्हणजे मागची अक्षरे न सांडता पुढचे अक्षर घेणे. मैत्रिणीचे 'पान पुसले जाणे' आणि प्रयोगशाळेतली ती चाचणी या दोहोंत फार अंतर नाही.

योगायोगाने या विषयावरचे महत्त्वाचे काम तिच्याच शहरात, टोरांटोत, अँथनी फाइनस्टाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केले आहे. २०११ च्या त्यांच्या अभ्यासात गांजा घेणारे २५ आणि न घेणारे २५ रुग्ण वय, शिक्षण आणि आजाराची अवस्था जुळवून निवडले होते. घेणाऱ्यांची माहिती हाताळण्याची गती, कार्यस्मृती आणि नियोजनाची क्षमता कमी भरली, आणि एकूण आकलन खालावलेल्यांचे प्रमाण त्यांच्यात दुप्पट निघाले. २०१४ साली २० घेणारे आणि १९ न घेणारे यांच्या मेंदूच्या एमआरआय प्रतिमा पाहिल्या. मेंदूच्या रचनेत दोन गटांत ठळक भेद दिसला नाही, पण अक्षरांच्या चाचणीत घेणाऱ्यांच्या चुका अधिक झाल्या आणि त्या वेळी मेंदूची सक्रियताही निराळी दिसली. २०१५ चा निबंध आणखी बारकाईने पाहतो. गांजा घेणाऱ्यांच्या गटात मेंदूच्या काही भागांचे आकारमान जितके कमी तितके आकलन अधिक दुबळे, असा संबंध त्यात दिसतो. आजाराने झिजलेल्या मेंदूची उरलीसुरली भरपाई करण्याची ताकद गांजाने आणखी घटत असावी, असा याचा एक अन्वय लागतो. तो अन्वयच आहे, सिद्धांत नव्हे, हे आम्ही मैत्रिणीला आवर्जून सांगितले.

अशा तुलनेवर साहित्याचा विद्यार्थीही एक आक्षेप घेईल. दोन गोष्टी शेजारी आढळल्या म्हणून एक दुसरीचे कारण ठरत नाही. ज्यांचा त्रास जास्त तेच गांजाकडे अधिक वळत असतील तर? या शंकेला २०१९ चा अभ्यास बऱ्याच अंशी उत्तर देतो. वर्षानुवर्षे गांजा घेणारे ४० रुग्ण चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गटांत विभागले. एका गटाने घेणे चालू ठेवले, दुसऱ्याने २८ दिवस बंद केले. बंद करणाऱ्यांची स्मृती, गती आणि नियोजनशक्ती या सगळ्यांत लक्षणीय सुधारणा झाली, आणि चाचणी सोडवताना मेंदूचे संबंधित भाग अधिक सक्रिय झालेले एमआरआयमध्ये दिसले. अर्थात आपण गांजा सोडला आहे हे सोडणाऱ्याला माहीत असतेच, ते लपवता येत नाही, आणि ४० ही संख्याही लहान आहे. तरीही चार आठवड्यांत परत येणारी गोष्ट कायमची गेलेली नव्हती, हे त्यातून निश्चित कळते. मैत्रीण या जागी बराच वेळ गप्प राहिली.

पण एवढ्यावर थांबलो असतो तर आम्ही अर्धीच संहिता वाचली असती. दुसरी बाजू पेटक्यांची आहे. १८३९ साली कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजातील प्राध्यापक ओ'शॉनेसी याने इथल्या वैद्य-हकिमांचे ज्ञान घेऊन गांजाच्या अर्कावर प्रयोग केले आणि स्नायूंचे झटके त्याने शिथिल होतात असे लिहिले. २००३ साली ब्रिटनमध्ये ६०० हून अधिक मल्टिपल स्क्लेरोसिसच्या रुग्णांवर मोठी चाचणी झाली. तपासणाऱ्याने हात-पाय वाकवून ताठरपणाला जे गुण दिले त्यांत औषधाचा प्रभाव दिसला नाही. रुग्णांना विचारले तेव्हा मात्र त्यांनी आराम पडल्याचे सांगितले. मोजपट्टी एक सांगते आणि अनुभव दुसरे. आत्मकथनाचा अभ्यास करणाऱ्यांना हा पेच नवा नाही. कोणाची साक्ष ग्राह्य धरायची? आमचे मत असे की, पाय ज्याचा आहे त्याच्या साक्षीला वजन द्यावे. परंतु मग तोच न्याय 'पान पुसले जाते' या साक्षीलाही लावला पाहिजे. आरामाची साक्ष खरी मानायची आणि विस्मरणाची मनाचा खेळ ठरवायची, असे करता येणार नाही.

या दोन्ही साक्षी एकाच देहात का नांदतात याचेही उत्तर शास्त्रापाशी आहे. गांजातले मुख्य द्रव्य ज्या ग्राहींना जाऊन चिकटते ते मेंदूत अनेक ठिकाणी आहेत. स्नायूंच्या हालचालींशी संबंधित भागांत आहेत, तसेच नव्या आठवणी घडवणाऱ्या हिप्पोकॅम्पसमध्येही ते दाटीने आहेत. १९९२ साली जेरुसलेमच्या प्रयोगशाळेत मेंदू स्वतःच तयार करतो असे एक द्रव्य सापडले, जे याच ग्राहींना चिकटते. शोधकांनी संस्कृतातील 'आनंद' हा शब्द घेऊन त्याला 'आनंदामाइड' असे नाव दिले. मैत्रिणीला हे फार आवडले. मग म्हणाली, "नाव छान आहे रे. पण आनंद पायाला द्यायचा की डोक्याला, ते मीच ठरवायचं, असंच ना?"

असेच. तसे आम्ही तिला म्हणालोही. निबंध सरासरीबद्दल बोलतो, आणि ती सरासरी नाही. तिला कोणता त्रास अधिक सोसवतो हे कोणत्याही तक्त्यात लिहिलेले नाही. झोप नसेल तरी वाचन होत नाही, हेही खरेच. मात्र आता ती अंधारात निवड करत नव्हती. डॉक्टरांशी बोलून तिने दिवसा घेणे थांबवले आणि रात्रीचे प्रमाण त्यांच्या देखरेखीखाली कमी करत आणले. काही रात्री वाईट गेल्या, त्या तिने सांगितल्या. तीन महिन्यांनी ती कादंबरीऐवजी कथा वाचू लागली आहे, दिवसाला एक. हे गांजा कमी केल्यामुळे, की आजाराला उतार पडल्यामुळे, की नुसत्या हुरुपामुळे, हे एका माणसाच्या उदाहरणावरून ठरवता येत नाही, आणि आम्ही ठरवणारही नाही.

वर्गात आता बोदलेअर आला की आम्ही हा दुसरा प्रश्नही मांडतो. नशेने लेखकाला काय मिळते, यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. दुखणाऱ्या देहाला तिच्यातून काय मिळते आणि त्याच देहातल्या वाचकाला त्यासाठी काय द्यावे लागते, यावर आपल्याकडे जवळजवळ काहीच लिहिलेले आढळत नाही. विद्यार्थी थोडे बुजतात, मग आपल्या घरातल्या आजारपणांविषयी बोलू लागतात. तास संपला तरी ते बोलणे संपत नाही.