पाव फेरा

आमच्या काकांनी १९९८ च्या गणपतीनंतर बेस गिटार वाजवायचं सोडलं. कोणी विचारलं की दोन्ही हात पुढे करून दाखवायचे आणि म्हणायचे, "बोटं राहिली नाहीत रे आता." तेव्हा ते पंचावन्नचे होते. बोटांना काही झालेलं नव्हतं. जे झालं होतं ते माझ्या हातून झालं होतं, आणि नेमकं काय झालं होतं ते मला स्वतःला कळायला पुढची सोळा वर्षं गेली.

काकांचे वडगावात दोन माग. दिवसभर खटखट, आणि गणपती-नवरात्रात रात्री ऑर्केस्ट्रा. बेळगावचा ऑर्केस्ट्रा म्हणजे तीन भाषांचा कारभार. मराठी, हिंदी, आणि राजकुमारांचं एखादं कन्नड गाणं झालंच पाहिजे, नाहीतर अर्धा मंडप उठून जायचा. निपाणी, खानापूर, चंदगड, कुठंही बोलावणं आलं की टेम्पोत सामान टाकून निघायचे. पंचमच्या गाण्यांत बेस वाजवणारे टोनी वाझ हे काकांचं दैवत. रेडिओवर गाणं लागलं की गायकाकडे लक्ष नाही, कान खालच्या आवाजाला. आम्ही पोरं हसायचो. आम्हाला तो आवाज ऐकूच यायचा नाही.

गिटार त्यांनी मडगावला एका गोवेकराकडून घेतलेली. तो बोटीवरच्या बँडमध्ये वाजवायचा, कुठल्यातरी बंदरात घेतलेली होती. सगळे नट-बोल्ट इंची मापाचे. हे इंचाचं लक्षात ठेवा.

आता थोडं यंत्र सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. गिटारच्या मानेत, फ्रेटबोर्डच्या खाली, एक पोलादी सळई असते. तिला ट्रस रॉड म्हणतात. बेसच्या चार तारा सुरात लावल्या की मानेवर पाऊणशे-ऐंशी किलोचा ताण येतो, म्हणजे सिमेंटचं दीड पोतं. तारा मानेला पुढे ओढतात, सळई मागे धरून ठेवते. सळईच्या टोकाला नट असतो. घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने आवळला की मान सरळ होते, उलटा फिरवला की तारांचं चालतं आणि मान धनुष्यासारखी पुढे येते. पार सरळही नको असते. तार थरथरते तेव्हा मध्यावर जास्त पसरते, तिला जागा म्हणून मानेला किंचित खोलगटपणा लागतो. किंचित म्हणजे मिलिमीटरचा तिसरा हिस्सा.

आणि लाकूड ते लाकूडच. बेळगावचा पाऊस तुम्हाला माहीत आहे. जून ते सप्टेंबर कपाटातले कपडेसुद्धा वाळत नाहीत. लाकूड ओल घेतं, मान हलते. कुठली पुढे येते, कुठली मागे जाते. काकांची पुढे यायची.

१९९३ चा पावसाळा. मी एकोणीस वर्षांचा, आयटीआयचा टर्नर, उद्यमबागेत एका वर्कशॉपला नुकता लागलेलो. जगातला कुठलाही नट आपल्याला कळतो अशी समजूत. गणपतीला आठ दिवस होते आणि काका म्हणाले, "तारा वर आल्यात बघ पावसानं. दाबताना जोर लागूलाय." ते मागावर असताना मी गिटार घेतली. वरच्या टोकाला दोन स्क्रूचं झाकण होतं, ते काढलं, आत षटकोनी भोक दिसलं. माझ्या संचातली ५ ची ॲलन की आत जाईना. ४.५ ची गेली, पण सैल. नट होता ३/१६ इंचाचा, म्हणजे पावणेपाच मिमीच्या किंचित वर. हे आज सांगतोय. तेव्हा म्हटलं, चालतंय की.

आधी उलटा फिरवला. छान फिरला, अर्ध्या फेऱ्याहून जास्तच. तारा आणखी वर आल्या. घाबरून सुलटा आवळायला गेलो तर 'कट्' झालं. परत जोर लावला, परत कट्. भोकाचे कोपरे झिजून गोल झाले आणि की नुसतीच गरगर फिरायला लागली. झाकण बसवलं, गिटार होती तिथं ठेवली, जेवायला बसलो.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी काका म्हणाले, "अजून वर आल्या की रे."

मी म्हणालो, "पाऊस आहे काका."

त्यांनी काय केलं असेल ते आज मी डोळ्यांसमोर आणू शकतो. ब्रिजवर प्रत्येक तारेखाली सॅडल असतं, बारीक स्क्रूवर वर-खाली होतं. ती चारही त्यांनी पार तळाला नेली. पण मान वाकलेली असताना सॅडल उतरवून भागत नाही. मध्यावर तारा उंचच राहतात आणि वरच्या फ्रेटवर घासायला लागतात. म्हणजे जिथं वाजवायचं तिथं दाबायला कष्ट, आणि जिथं सोपं तिथं खरखर. अशा गिटारवर त्यांनी सहा गणपती काढले. रात्री तीन-तीन तास. गौरी-विसर्जनापर्यंत बोटांची टोकं काळीनिळी व्हायची. मग एक दिवस गिटार गवसणीत गेली, गवसणी कपाटावर.

२०१४ साली माझ्या मुलाने बेस घेतली. इंजिनिअरिंगला होता, कॉलेजचा बँड. पावसाळ्यात पहिल्या तीन-चार फ्रेटवर तारा भरभरायला लागल्या. सेटअपला बेंगळुरूला पाठवली तर आठवडा जाणार होता. म्हटलं बघूया. आता मी मापाशिवाय हात न लावणारा माणूस झालो होतो, वीस वर्षं लेथवर काढली की तेवढं होतंच. तार पहिल्या फ्रेटवर दाबायची, त्याच वेळी मान जिथं धडाला मिळते तिथल्या फ्रेटवर दाबायची. मग तारच सरळ पट्टी होते. सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तार आणि फ्रेट यांच्यात किती फट आहे ते फीलर गेजच्या पत्तीने बघायचं. हीच पत्ती स्कूटरवाले प्लगच्या फटीला वापरतात. मुलाच्या गिटारीत ०.१ ची पत्तीसुद्धा जाईना. मान जास्तच सरळ झालेली. बरोबर मापाची की घेतली, नट पाव फेरा सैल केला, सूर परत लावला, मोजलं. ०.३. भरभर गेली. वीस मिनिटांचं काम.

पोरगा खूश होऊन वाजवत बसला आणि मी की हातात धरून बसलो. पाव फेऱ्याला इतका फरक. मी त्या दिवशी अर्ध्याहून जास्त फिरवला होता, उलटा, आणि तो तसाच राहिला होता.

त्या रविवारी वडगावला गेलो. काका एकाहत्तरचे. काकूने चहा ठेवला. मी सरळ सांगून टाकलं, सैल की, झिजलेले कोपरे, झाकण, सगळं. काकू आतून बाहेर आली. "म्हणजे मी रोज रात्री ह्यांच्या बोटांना खोबरेल चोळत बसायची ते उगीच?" मला वाटलं आता कपबशी अंगावर येते.

काका बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "म्हणजे पाऊस नव्हता तर."

तेवढंच. उठले, स्टूल घेतलं, कपाटावरची गवसणी स्वतः खाली काढली आणि माझ्या मांडीवर ठेवली.

घरी आणून मोजली. आठव्या फ्रेटपाशी १.६ मिमी. पाच पट. सोळा वर्षं तारा सैल न करता ठेवलेली. एवढं वाकलेलं लाकूड परत येतं का, हे मला लोखंडवाल्याला कुठून कळणार? कामानिमित्त मिरजेला जाणं व्हायचं, तेव्हा गिटार बरोबर घेतली. मिरजेत सतार-तंबोऱ्याचं काम दीडशे वर्षांहून जुनं, हत्यारं घडवणाऱ्या शिकलगारांनी सुरू केलेलं. एका कारखान्यात गेलो. म्हाताऱ्या कारागिराने गिटार उचलली, बंदुकीसारखी डोळ्याला लावली आणि दांडीवरून नजर टाकली. "सतारीच्या दांडीत लोखंड नसतं. वाकली की शेकून, बांधून, महिनोन् महिने वाट बघायची. तुमच्यात लोखंड आहे तर सोपं आहे. पण घाई केलीत तर लाकूड चिडतं." मग माझी तार छेडून ती खरखर ऐकली आणि हसला. तंबोऱ्याच्या घोडीवर हाच आवाज काढायला त्याचा अख्खा दिवस जातो, त्याला जवारी म्हणतात, तारेखाली दोरा सरकवून ती उघडतात. आणि तुम्ही हा घालवायला पैसे देता होय, म्हणाला. पैसे काही घेतले नाहीत.

झिजलेला नट काढणं हेच मोठं काम. तारा सैल केल्या. ५ ची एक ॲलन की टोकाला ग्राइंडरवर किंचित निमुळती केली आणि हातोडीच्या दांड्याने हलके ठोकून आत बसवली. पावणेपाचच्या गोल झालेल्या भोकात तिने स्वतःचे कोपरे पकडले. १९९३ ला जी आत जात नव्हती तीच. श्वास धरून फिरवला. सुटला. नवा नट लेथवर मऊ पोलादाचा काढला. आटे जुन्या मापाचे, इंचीच ठेवले. षटकोनी भोकाला आमच्याकडे ब्रोच नव्हता, म्हणून गोल भोक पाडून त्यात ॲलन कीचाच कापलेला तुकडा हायड्रॉलिक प्रेसखाली दाबला. दोन नट फाटले, तिसरा जमला. आट्यांना तेलाचा एक थेंब.

मग रोज रात्री पाव फेरा. तारा थोड्या सैल करायच्या, मान मांडीवर धरून हाताने जराशी मागे दाबायची, नट पाव फेरा आवळायचा, तारा सुरात आणायच्या आणि रात्रभर ठेवून द्यायचं. पहिल्या रात्री काहीच हललं नाही. दुसऱ्या रात्री आतून कुर्र आवाज आला आणि माझ्या पोटात गोळा आला. सळई तुटली तर संपलं, फ्रेटबोर्ड उखडल्याशिवाय ती निघत नाही. तुटली नव्हती. सकाळी मोजलं, १.३. नवव्या सकाळी ०.३५. तिथं थांबलो.

आणि मान सरळ झाली तशा सगळ्या तारा फ्रेटवर आडव्या पडल्या, एक सूर धड निघेना. कारण सॅडल अजून तळाला होती, काकांनी नेलेली. ट्रस रॉड फिरवून तारांची उंची जुळवायची नसते, त्याने फक्त मानेचा बाक ठरतो. उंचीचं काम सॅडलचं. गंजलेले ते आठ बारीक स्क्रू रॉकेलमध्ये भिजवून सोडवले आणि एक-एक वर घेतला. सतराव्या फ्रेटवर जाड ई तार २.४ मिमी, बारीक जी तार २.०. मग सूर. बाराव्या फ्रेटवर तारेला नुसतं बोट टेकवून निघणारा सूर आणि तिथंच दाबून निघणारा सूर एक यायला पाहिजे. दाबलेला चढा लागला तर सॅडल मागे, उतरता लागला तर पुढे. प्रत्येक वेळी तार परत सुरात लावून. ह्यात एक अख्खी संध्याकाळ गेली. मुलगा म्हणाला, ट्यूनर ॲप आहे की बाबा. ॲप होतंच, वेळ स्क्रूला लागत होता.

गिटार घेऊन वडगावला गेलो तेव्हा काका मागाच्या खोलीत बसले होते. माग केव्हाच विकले होते, खोलीचं नाव तेवढं राहिलं होतं. मुलाचा छोटा ॲम्प लावला. त्यांनी आधी वाजवलं नाही. डावा हात मानेवरून वर-खाली फिरवला, ई तार पाचव्या फ्रेटवर दाबली, सोडली, परत दाबली. बोटं आता खरंच आखडलेली होती, करंगळी तर उघडतच नव्हती. मग हळूहळू एक चाल सुरू केली. काकू दारात येऊन उभी राहिली. मला गाणं ओळखता येईना, तिला आलं असावं, कारण ती पदराला हात पुसतच राहिली.

मध्येच थांबले. "डी तार दहाव्याला भरूलाय थोडी."

"बघतो काका. घरी नेऊन उद्या..."

"उद्या नको. पाना आणलायस न्हवं? माझ्यासमोर बघ."

मी बारीक ॲलन की काढली. ते चष्मा लावून ब्रिजवर वाकले.

"किती फिरवणार?"

"पाव फेरा."

"मोजून फिरव," म्हणाले, आणि की पूर्ण थांबेपर्यंत त्यांनी नजर काढली नाही.