अक्काची हजेरी

माझी अक्का कधीच मेसेज टाइप करत नाही. व्हॉइस नोट पाठवते. लाइट बिल, भाचीच्या शाळेची सूचना, बँकेचा कागद, कशाचाही फोटो आधी येतो आणि मागोमाग तिचा आवाज, ‘‘बघ रे बाबू, काय लिहिलंय ह्यात.’’ तिला टायपिंगचा कंटाळा आहे असं मी बरीच वर्षं धरून चाललो होतो. ती तिसरीपर्यंत शिकली हे घरात सगळ्यांना माहीत होतं. तिसरीपर्यंतच का, हे मी कधी विचारलं नव्हतं.

आम्ही 1999 साली लातूर जिल्ह्यातून भोसरीला आलो. अण्णा हेल्पर म्हणून लागले. आई एका छोट्या प्रेस शॉपमध्ये पॅकिंगला जायची. मी दोन वर्षांचा होतो, अक्का आठ. गावात आजी होती, चुलत्या होत्या, लेकरू कुणाच्याही मांडीवर वाढायचं. इथे दहा बाय दहाची पत्र्याची खोली आणि शेजारी सगळे शिफ्टला जाणारे. अंगणवाडी होती, पण तिथे बसवतात तीन वर्षांपुढच्या मुलांना, आणि तीही दुपारी सुटते. आई ओव्हरटाइम करून यायची सात वाजता.

1948 च्या कारखाना कायद्यात पाळणाघराची सोय लिहिलेली होती. पण तीसपेक्षा जास्त बायका कामाला असतील तरच. आईच्या शेडमध्ये बायका होत्या अकरा. भोसरीच्या गल्ल्यांत अशा शेड किती असतील, ते तिथे फिरलेल्यांनाच कळेल. मालक काही वाईट माणूस नव्हता, दिवाळीला मिठाई द्यायचा. कायदा त्याच्या दारापर्यंत पोचतच नव्हता.

मग मला सांभाळायचं कुणी? अक्काने.

पहिले काही दिवस ती मला कडेवर घेऊन शाळेत गेली म्हणे. मागच्या रांगेत बसायची. मी रडलो की बाहेर व्हरांड्यात जायची, गप्प झालो की परत आत. एक दिवस बाईंनी सांगितलं, ‘‘उद्यापासून बाळाला आणू नकोस.’’ त्या बाईंवर मला राग धरता येत नाही. वर्ग भरलेला, त्यात एक रडकं पोर. पण बाळाला आणू नकोस म्हणजे तू येऊ नकोस, हे आठ वर्षांच्या मुलीला कुणी समजावून सांगावं लागलं नाही. पटावर नाव राहिलं, हजेरी थांबली. मी सहा वर्षांचा होऊन पहिलीत गेलो तेव्हा ती बारा वर्षांची होती. आठ-आठ वर्षांच्या पोरांत जाऊन बसायला ती तयार झाली नाही.

हे सगळं मला कळलं गेल्या वर्षी, आणि तेही एका सीएसआर व्हिजिटमुळे.

मी डिप्लोमा करून चाकणला लागलोय. 2013 च्या कंपनी कायद्यानं ठरावीक नफ्यापुढच्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करायला लावले, तेव्हापासून आमच्या पट्ट्यात टी-शर्ट घालून शाळांच्या भिंती रंगवणाऱ्या इंजिनिअरांची काही कमी नाही. आम्हीही गेलो. मोशीला एका टॉवरचं काम चालू होतं, त्याच्या पायथ्याशी मजुरांच्या मुलांसाठी एका संस्थेचं पाळणाघर. आम्ही रंगपेट्या वाटल्या, बॅनर धरून फोटो काढला, मीही तो स्टेटसला टाकला.

पण परत निघताना दारात एक मुलगी दिसली. सात-आठ वर्षांची, कडेवर भाऊ. ती आत येत नव्हती. पाळणाघराच्या ताईंनी बाळ घ्यायला हात पुढे केले, तर तिने बाळ दिलं आणि तिथेच उभी राहिली. बाळ नसलेल्या हातांचं काय करायचं हे तिला सुचत नव्हतं. ताई म्हणाल्या, ‘‘नवीन आलेत, छत्तीसगडचे. हिला शाळेत घालायचंय. पण आधी ह्याला इथं रुळवायला लागेल, नाहीतर ही जायचीच नाही.’’

गुरुवारी आमच्याकडे एमआयडीसीला सुट्टी असते आणि पाळणाघर चालू असतं. मग मी दर गुरुवारी जायला लागलो.

तिथे गेल्यावर कळतं की काम गाण्या-गोष्टींचं कमी आणि चिकाटीचं जास्त आहे. बाळांचं वजन लिहायचं, नखं कापायची, नाकं पुसायची, मऊ खिचडी भरवायची. साड्यांच्या झोळ्या हलवत राहायच्या. तीन वर्षांपुढच्यांना मणी, ठोकळे, बडबडगीतं. एका सतरंजीवर बंगाली, छत्तीसगडी, तेलुगू आणि लमाणी बोलणारी पोरं, आणि ताई आपली सगळ्यांशी मराठीमिश्रित हिंदीत. सहाच्या पुढची जी असतील त्यांचं नाव जवळच्या शाळेत घालायचं.

इथेही कायदा आहेच. बांधकाम कामगारांच्या 1996 च्या कायद्यात पन्नासपेक्षा जास्त बायका कामाला असतील तर सहा वर्षांखालच्या मुलांसाठी खोली द्यावी असं लिहिलेलं होतं. पण साइटवर बायका चार ठेकेदारांच्या चार मस्टरवर असल्या, तर पन्नास मोजायच्या कुणी? म्हणून बिल्डरला गाठून, जागा मागून, देणग्या गोळा करून हे काम संस्थांनाच करावं लागतं. दिल्लीत 1969 मध्ये मीरा महादेवन यांनी बांधकामावरच्या मुलांसाठी मोबाइल क्रेशेस सुरू केलं. आपल्याकडे पुणे परिसरात तारा मोबाइल क्रेशेस आणि डोअर स्टेप स्कूल या संस्था याच मुलांसाठी राबतायत.

आणि त्याही आधी ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ. त्यांची नावं मी डी.एड. केलेल्या मित्राकडून ऐकली होती, परीक्षेच्या टिपा म्हणून. 1945 साली बोर्डीला त्यांनी ग्राम बाल शिक्षण केंद्र काढलं. मुलं शाळेत येईनात तेव्हा शाळा वस्तीतल्या अंगणात नेली, तीच अंगणवाडी. पुढे कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलं गुरांमागे जातात म्हणून शाळा कुरणात नेली. मला त्यांची सगळ्यात पटलेली गोष्ट म्हणजे विकासवाडी. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच जागी. धाकटं भावंडं पाळण्यात, मोठी बहीण पलीकडच्या वर्गात. हे वाचलं त्या दिवशी मी खोलीवर बराच वेळ नुसता बसून होतो. भोसरीतल्या शाळेच्या व्हरांड्यात एक झोळी आणि एक बाई असती, तर बास होतं.

त्या रात्री अक्काला फोन करून पहिल्यांदा विचारलं, आणि तिने वर लिहिलेलं सगळं सांगितलं. अगदी सहज, भाजीचा भाव सांगावा तसं. वर म्हणाली, ‘‘तू लई रडायचास पण.’’

मोशीची ती मुलगी दीड महिन्यात रुळली. भाऊ पाळणाघरात राहायला लागला, ती व्हॅनमधून शाळेत जायला लागली. पहिलीत. वहीत स्वतःचं नाव लिहून मला दाखवलं, मधलं अक्षर उलटं. स्थलांतरित मुलांसाठी शिक्षण हमी कार्ड असतं, दुसऱ्या गावी गेल्यावर तिथल्या शाळेत दाखवायला. ताईंनी खटपट करून तिचं करून घेतलं.

दिवाळीनंतरच्या एका गुरुवारी गेलो तर तिची पत्र्याची खोली रिकामी. वरचा शेवटचा स्लॅब पडला होता, ठेकेदाराने माणसं रात्रीतून हलवली. मुकादम म्हणाला हिंजवडीकडे, दुसरा म्हणाला तळेगाव. बापाचा फोन बंद. कार्ड ताईंच्या ड्रॉवरमध्येच राहिलं होतं. ताई चिडल्या नाहीत. असं होतंच म्हणाल्या, आणि ओळखीतल्या दुसऱ्या साइटवरच्या पाळणाघरांना फोन लावत बसल्या.

मी अक्काला व्हॉइस नोट पाठवून हे सांगितलं. उत्तर उशिरा आलं, मागे कुकरची शिट्टी ऐकू येत होती.

‘‘भाऊ केवढा झाला तिचा?’’

दीड वर्षाचा, मी सांगितलं.

‘‘म्हणजे अजून साडेचार वर्षं,’’ अक्का म्हणाली. मग थोड्या वेळाने दुसरी नोट आली, ‘‘तळेगावला आपला विलासमामा आहे ना, त्याला विचार की. साइटींवर पाणी टाकायला टँकर घेऊन जातो तो.’’